सड्याची चार बोटं माती

लग्नाच्या पंगतीत शेजारचे पावणे विचारतात, "आपण कशात असता?" मी सांगतो, "बंद पडलेल्या खाणी परत हिरव्या करतो." पावणे थोडा वेळ माझ्याकडं बघतात आणि मग जिलेबीकडं वळतात. एकानं तर अगदी आपुलकीनं विचारलं होतं, "म्हणजे पगारी का हौसेनं?" पलीकडं बायकांच्या पंगतीत आमची सुनंदा असते. तिच्यापर्यंत हे पोचलं की ती आवाज खाली न आणता सांगते, "आमच्या गॅलरीतली तुळस तीनदा वाळवल्यात ह्यांनी. चौथी मी ह्यांच्या नजरंआड ठेवलोय." आमच्या कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात, 'ठेवलोय, आलोय, जातोय'. त्यांच्या बोलण्यापुढं व्याकरण चालत नाही, मग माझं काय चालणार?

तिचं म्हणणं खोटं नाही. एवढी वर्षं या कामात काढल्यावर मीही एवढंच खात्रीनं सांगू शकतो, की झाडं कशी मरतात ते मला चांगलं कळतं. ती कशी जगतात हे मला एका धनगरणीनं शिकवलं, आणि शिकवणी मोठी कडू होती.

आधी जागा सांगतो. कोल्हापूरच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर जांभ्या दगडाची सपाट पठारं आहेत. तिकडचे लोक त्यांना सडा म्हणतात. उन्हाळ्यात सडा तव्यासारखा दिसतो, काळा आणि तापलेला. दगडावर माती म्हणाल तर कुठं दोन बोटं, कुठं चार. पण आषाढ उलटला की ढग खाली उतरून सड्यावरच मुक्काम करतात आणि त्या चार बोटांतून काय काय उठतं ते सांगून पटायचं नाही. जांभळी सीतेची आसवं, पांढऱ्या टाचण्या टोचून ठेवाव्यात तशी गेंदाची फुलं, तेरडा, मग पिवळी सोनकी. धुक्यात चालताना वाटतं, आपण जमिनीवर नाही, कुणाच्या तरी झोपेत चालतोय आणि आपल्या पावलांनी त्याला जाग येईल. मी स्वतः एकदा तिथं दगडावर टेकलो होतो तो दोन तासांनी उठलो. अंगावर दव, आणि शर्टाच्या खिशात एक बेडकी. हजेरीपुस्तकात त्या दोन तासांची नोंद 'पाहणी' अशी आहे.

या सड्याच्या पोटात बॉक्साइट असतं, म्हणून खाणी. धंदा ऐकायला सोपा आहे. वरची माती खरवडून एका बाजूला राखून ठेवायची. खालचा दगड काढून ट्रक भरायचे. दगड संपला की आतल्याच टाकाऊ मुरमानं खड्डा भरायचा. त्यावर ती राखलेली माती पसरायची आणि लागवड करायची. पहिली तीन कामं दुसरे लोक करतात आणि त्यांना यंत्रं मिळतात. शेवटचं काम माझं. मला टिकाव मिळतात.

ही गोष्ट ज्या खाणीची, तिथं मी लागवडीचा सुपरवायझर म्हणून गेलो तेव्हा वय पस्तिशीचं आणि गर्व पन्नाशीचा होता. कारण मी कसबा बावड्याचा. साखर कारखान्याची शिट्टी ऐकत वाढलेला. आमच्या मळ्यात वाळकं लाकूड रोवलं तरी त्याला आठवड्यात डोळा फुटतो. माती म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगायचं नाही, आम्ही सांगायचं.

खाणीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात सड्याची खरवडलेली माती ढीग करून ठेवली होती. तांबूस, खडे आणि मुळ्या मिसळलेली, गरिबाघरच्या भाकरीसारखी. एका रविवारी आमचे आबा, म्हणजे माझे वडील, काम बघायला आले. आयुष्यभर ऊस केलेला माणूस. त्यांनी ढिगातली चिमूट उचलली, अंगठ्यानं चोळली आणि खाली टाकून हात धोतराला पुसला.

"ही माती न्हवं. दगडाची साल हाय."

"नियमात हीच पसरायची आहे, आबा."

"नियम करणाऱ्यानं ऊस लावलाय व्हय कधी? आपल्या मळ्यातली घाल की. वर मळी टाक. मग बघ."

मळी म्हणजे कारखान्यात रस गाळल्यावर उरणारा काळा गाळ. आमच्याकडं ती जमिनीला च्यवनप्राश मानतात. खाणीच्या दुसऱ्या टोकाला अजून काम चालू होतं. दगड घेऊन खाली गेलेले ट्रक वर येताना रिकामे यायचे, ते मी भरून आणायला लागलो. पंचगंगेकाठची काळी माती आणि मळी. गुडघाभर थर दिला. सड्याच्या मातीचा ढीग कोपऱ्यात तसाच राहिला. नकाशावर त्यापुढं मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'टाकाऊ'.

आमचे मॅनेजर मगदूम साहेब. कबनूरचे, जैन, घरी चार पिढ्यांचे माग. जगातली कुठलीही गोष्ट ते कापडाच्या भाषेत समजून घेत. त्या पावसाळ्यात काळ्या मातीवर जे रान उठलं ते गणपतीपर्यंत कमरेला आलं. साहेब छत्री घेऊन बांधावर उभे राहिले. म्हणाले, "अहो, एवढी घट्ट वीण मी कबनुरातसुद्धा बघितली नाही." त्यांनी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. मी पण पाठवले. सुनंदानं उत्तर दिलं, 'झाडं दिसली. तुम्ही कुठं आहे?' मी त्यातच होतो. एवढं उंच होतं.

ते नक्की काय होतं, हे मी नीट पाहिलं नव्हतं. हिरवं होतं, एवढं मला पुरे होतं.

सड्याच्या कडेखाली चार घरांचा धनगरवाडा होता. तिथली हौसाक्का एका सकाळी ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत आली. साठी ओलांडलेली, खांद्यावर घोंगडं, हातात किटली. खाण व्हायच्या आधी हा सडा म्हणजे तिच्या सासऱ्याचं चराऊ रान. खाण संपली की जमीन परत मिळणार, या बोलीवर ती इतकी वर्षं चार म्हशी घेऊन कडेकडेनं दिवस काढत होती.

"च्या आणलाय. तुमच्या रानातला," ती म्हणाली.

"रानातला म्हणजे?"

"आधी घ्या की पावणं. बोलणं कुठं पळून जातंय?"

साहेबांनी घोट घेतला. मी घेतला. दोघंही थांबलो. साखर भरपूर होती, पण तिच्या खालून कडुनिंबासारखं काहीतरी वर येत होतं. हौसाक्का दाराच्या चौकटीला टेकून आमच्या तोंडाकडं बघत होती. समोर आलेला चहा टाकायचा नाही, असं दोघांच्याही घरचं वळण. संपवला.

"कडू हाय न्हवं?" तिनं विचारलं. मग घोंगड्याखालून एक झाड काढून टेबलावर ठेवलं. गाजरासारखी पानं, पांढरी बारीक फुलं. गाजरगवत. "ह्ये खाल्लं की म्हशीचं दूध असं हुतंय. डेअरीवाल्यानं दोनदा किटली माघारी धाडली. एवढ्या वर्सांत ह्या सड्यावर ही बला बघितली न्हवती. कुणी आणली?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मोठा माणूस. मी बाहेर जाऊन ते कमरेएवढं रान पहिल्यांदा नीट पाहिलं. गाजरगवत, लव्हाळा, हरळी, केना, तरोटा. आमच्या बावड्याच्या मळ्यातलं सगळं तण, ओळखीच्या चेहऱ्यांचं, जणू आमची भावकी सहलीला आलेली. आमच्या उसात हयातभर ज्यांना खुरप्यानं हाकललं, त्यांना मी ट्रकात बसवून घाटावर आणलं होतं आणि वर मळीचं जेवण घातलं होतं.

"ल्योक कागलला फाइव्ह स्टार एमआयडीसीत हाय," हौसाक्का मागून येऊन म्हणाली. "म्हणतोय, म्हसरं इक आन् खोलीवर ये. गेलतो बघायला. खोलीला खिडकी एक. तिच्यातनं दुसऱ्याची भिंत दिसतीया. रान माघारी येत न्हाय तर भिंत बघत बसायची." मग जरा थांबून, "त्या कोपऱ्यातल्या कचऱ्यावर गेलासा का कधी?"

नव्हतो गेलो. टाकाऊ लिहिल्यावर कोण जातं?

त्या दिवशी ढग इतके खाली होते की हौसाक्काचं घोंगडंच फक्त पुढं चाललेलं दिसत होतं. ढीग धुक्यातून एकदम समोर आला, आणि मी थांबलो. त्याच्यावर सडा होता. आख्खा सडा, लहान करून ठेवलेला. खालच्या अंगाला ओल्या दगडावर काळंहिरवं शेवाळ. शेवाळाच्या कुशीत सीतेची आसवं, एवढीशी, जांभळी, धुक्याच्या भारानं मान वाकवून. त्यांच्या वर तेरडा. आणि माथ्यावर तांबूस दांड्यांचं डोंगरी गवत, वारा नसताना हलत असलेलं. कुणी लावलं नव्हतं, पाणी दिलं नव्हतं, कुणी फोटो काढला नव्हता. बी त्या दगडाच्या सालीतच झोपलेलं होतं. ट्रक, सुरुंग, सुपरवायझर यातल्या कशानंही त्याची झोपमोड झाली नव्हती.

मी ओलं होत तिथं किती वेळ उभा होतो कोण जाणे. हौसाक्का गवताची एक काडी चावत म्हणाली, "म्हस ह्ये खातीया."

नंतर मी वाचलं, लोकांना विचारलं. सड्याची झाडं उपाशी जमिनीचीच असतात. सीतेची आसवं तर मातीत काही मिळत नाही म्हणून पाण्यातले बारीक किडे पकडून पोट भरतात. अशांच्या पानात मी पंगतीतल्या वाढप्यासारखा आग्रहानं मळी वाढत गेलो होतो. ती बिचारी उठून गेली आणि वाढलेलं खायला तण बसलं.

एवढ्यावर चूक सुधारायला हरकत नव्हती. पण खाण बंद केल्याचा दाखला मिळायचा तर मंजूर नकाशाप्रमाणे काम लागतं, आणि माझ्या 'टाकाऊ'सकट मंजूर झालेला तो नकाशा सांगत होता: येत्या पावसाळ्याआधी कोपऱ्यातला ढीग हटवून जागा सपाट करणे, संपूर्ण क्षेत्रावर ओळीनं खड्डे घेऊन परदेशी बाभूळ लावणे, कुंपण घालणे. ही बाभूळ लवकर वाढते, जनावर तिला तोंड लावत नाही आणि तिच्या पाल्याखाली गवत येत नाही. ओळी मोजता येतात, म्हणून तपासणीला फार सोयीची. ती एकदा लागली असती, की जमीन कागदावर हिरवी होऊन हौसाक्काला परत मिळाली असती आणि तिच्या म्हशींनी कुंपणाबाहेरून ती बघितली असती.

मी साहेबांपुढं बसलो आणि सगळं सांगितलं. काळी माती माझी चूक. ती खरवडून काढायची. ढिगाची माती तिच्या जागी, फक्त चार बोटं, पसरायची. बाभूळ नको.

साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. "दाखला अडकला तर?"

"माझं नाव सांगा."

"नाव सांगून वीण सुधारत नाही हो. आमच्याकडं ताण्यातच चूक असली तर सगळं उसवून पुन्हा भरतात. कारागीर रडतो, मालक रडतो, पण उसवतात." पेपरवेट थांबला. "उसवा."

त्यापेक्षा अवघड होतं आबांना सांगणं. मी फिरवून फिरवून सांगितलं. ते खाटेवर पडून ऐकत होते. मला वाटलं, आता आमच्या मातीचा अपमान झाला म्हणून चिडतील. ते म्हणाले, "भुकेला येगळा आन् उपास धरलेला येगळा. मलाबी कळलं न्हाई." आणि कुशीवर वळले.

दिवाळीनंतर काळी माती निघाली. खालच्या गावचे शेतकरी ती हसत हसत घेऊन गेले. आपल्या घाटातनं माती वर जाते आणि परत खाली येते, हे त्यांना फार आवडलं होतं. अजून मला बघितलं की तिथं कुणीतरी विचारतं, "सायेब, औंदा कुठली माती फिरवायला काढलासा?"

पण ढीग पुरणारा नव्हता. हिशेब केला तर निम्म्या जागेवर चार बोटं, आणि निम्मी उघडी. हौसाक्कानं वाट दाखवली. खाणीनं न खाल्लेली सड्याची एक अरुंद पट्टी कड्याच्या बाजूला राहिली होती. तिथलं पिकलं गवत कापून ती उन्हाळ्यासाठी गंजी रचत असे. ती म्हणाली, "पेंड्या आणून उघड्या जागंवर हातरायच्या, वर धोंडं ठेवायचं. बी खाली गळतंय. आमच्या छपरावर गवत घातलं की दारात आपसूक उगवतंय, मग हितं का न्हाय?"

"आणि म्हशी उन्हाळ्यात काय खातील?"

"त्ये तुमी कशाला इचारता? तुमी धोंडं आणा."

आम्ही धोंडे आणले. मीच आधी मजूर लावून ते गोळा करून, जागा स्वच्छ केली म्हणून शाबासकी घेतली होती. आता एकेक परत. हौसाक्का सांगेल तसा, उताराला आडवा, पाणी अडेल असा. तिच्या पेंड्या दगडांखाली निजल्या. ढीग मोडताना मात्र ती आली नाही. जिथं काहीतरी उगवत होतं ती एकुलती एक जागा आम्ही फोडत होतो.

मे महिन्यात तपासणीला खाण खात्याच्या मॅडम आल्या. समोर तांबडी उघडी जमीन, वाळकं गवत, त्यावर दगड. त्यांनी फॉर्म काढला. "जिवंत रोपांची टक्केवारी?"

"रोपं लावलीच नाहीत, मॅडम."

"मग एवढे दिवस काय केलं?"

"घातलेलं काढलं."

साहेबांनी डोळे मिटले. मी सांगत गेलो, पहिल्यापासून, चहासकट. मॅडम हसल्या नाहीत. खाली बसून त्यांनी एक पेंडी उचकटली, खालची माती नखानं उकरली. मग फॉर्मवर लिहिलं, 'पावसाळ्यानंतर फेरतपासणी.' जाताना म्हणाल्या, "त्या वेळी काही नसेल, तर मंजूर नकाशाप्रमाणे बाभूळ. मग मला काही सांगू नका."

त्याच सुमारास मी धनगरवाड्यावर गेलो. गोठ्यात तीन म्हशी होत्या आणि एक रिकामा खुंटा. चार म्हशींचा उन्हाळा दगडाखाली ठेवायला मला कुणी हक्क दिला होता, हा प्रश्न त्या खुंट्यानं मला विचारला आणि तो अजून विचारतो.

पाऊस असा लागला की दहा दिवस सडा दिसला नाही. दिसला तेव्हा बरंच वाहून गेलं होतं. धोंड्यांच्या वरच्या अंगाला तेवढी माती अडली होती. आषाढ संपला तरी तांबडं ते तांबडंच. मी रोज जायचो. घरीसुद्धा गुडघ्यावर हात ठेवून फरशीकडं बघत बसायचो. सुनंदा म्हणाली, "तिथं काय उगवणार न्हाई. मी आत्ताच पुसलोय."

श्रावणात एके सकाळी धुकं होतं, आणि मला वाटलं जमिनीवर दव पडलंय. वाकलो तर ते दव नव्हतं. प्रत्येक धोंड्याच्या आडोशाला केसाएवढं काहीतरी उभं होतं. हजारो. रंग अजून हिरवा म्हणावा असा नव्हता, हिरवं होण्याचा नुसता विचार चालला होता. मी पाय कुठं ठेवावा कळेना म्हणून बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिलो. तशात साहेबांचा फोन आला. "आहे का काही?" मी म्हटलं, "धागा आहे, साहेब."

फेरतपासणीला गवत घोट्याएवढं होतं. विरळ, ठिगळाठिगळाचं. मॅडमनी टक्केवारीचा रकाना आडवी रेघ मारून रिकामा सोडला आणि शेऱ्यात 'स्थानिक गवत व वनस्पती पूर्ववत होत आहेत' असं लिहिलं. बाभूळ रद्द झाली.

सगळं पूर्ववत झालं असं मात्र म्हणणार नाही. उत्तरेच्या तुकड्यात मळी खोल मुरली होती. तिथं अजूनही गाजरगवत येतं, मी दरवर्षी जाऊन उपटतो, दरवर्षी ते मला ओळखतं. सड्यावरच्या काही फुलांना तर आम्ही कायमचं घालवलं. त्यांची नावंही मला माहीत नाहीत, म्हणजे शोकसुद्धा नीट करता येत नाही. पण धोंड्यांच्या जागी गवत दाट होत गेलं. तिसऱ्या वर्षी सोनकी आली. मग पाखरांनी करवंदीचं बी टाकलं, आणि एका भेगेत जांभळाचं रोप आलं, ते माझ्या हयातीत माझ्या खांद्याला लागेल असं वाटत नाही. जमीन धनगरवाड्याला परत मिळाली. मी पुढच्या खाणीवर गेलो.

गेल्या वर्षी भाद्रपदात उत्तरेचं तण उपटायला गेलो होतो. काम झाल्यावर राहवलं नाही, म्हणून रानात शिरलो. गवत मांडीला लागत होतं. ढग त्याच्यातूनच चालले होते, कुठं गवत संपतं आणि ढग सुरू होतो समजत नव्हतं. मी मधोमध उभा राहिलो. आपण केलं, असं वाटावं म्हणून उभा होतो, खरं सांगतो. आणि गंमत म्हणजे तसं काही वाटेना. त्या गवताला मी माहीतच नव्हतो. फार शांत वाटलं.

तेवढ्यात कडेवरून आवाज आला. "कोन हाय त्यो? भाईर हो आधी."

धुक्यात एक घोंगडं दिसत होतं.

"अक्का, मी हाय. खाणीवरचा."

"कोनबी असंना. राखलेलं रान हाय. दिवाळी हुस्तवर कापत न्हाई, तुडवत तर न्हाईच न्हाई. म्हसरं तीनाची पाच झाल्यात, त्यांनी काय खायाचं? वाटंनं चाला की, पावणं."

मी निमूट पाय उचलत बाहेर आलो आणि कडेच्या वाटेला लागलो. थोडं पुढं जाऊन वळून पाहिलं. मी जिथनं चाललो होतो, तिथलं आडवं पडलेलं गवत हौसाक्का वाकून वाकून हातानं उभं करत होती.